समुद्रतळाशी टाकळीची बी

मे महिन्यात नागपूरच्या कॉलेजांमध्ये चिटपाखरू नसायचं. परीक्षा आटोपलेल्या, वसतिगृहं रिकामी, आणि ऊन असं की दुपारी रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायचं. एकोणऐंशी सालच्या त्या उन्हाळ्यात भूगर्भशास्त्र विभागाच्या लांबट प्रयोगशाळेत पुष्पलता गजघाटे मात्र रोज सकाळी येऊन बसायची. तिच्या टेबलाखाली समुद्र ठेवलेला होता.

समुद्र म्हणजे कापडाच्या लहान लहान पिशव्या. मुंबईच्या पश्चिमेला, किनारा दिसेनासा होतो तिथे, समुद्राच्या पोटात तेल लागलं होतं आणि देशभर त्याचं कौतुक चाललं होतं. बॉम्बे हाय हे नाव तेव्हा पानठेल्यावर उभ्या असलेल्या माणसालाही माहीत होतं. तिथे नवी तेलविहीर खोदली की ड्रिलच्या दातांखाली दगडाचा चुरा होऊन चिखलाबरोबर वर येतो. तो ठरावीक अंतराने गोळा करून पिशवीत भरतात आणि पिशवीवर खोली लिहितात. अशाच एका विहिरीच्या पिशव्या डॉ. मधुकरराव देवपुजारी यांनी जुन्या ओळखीतून मिळवल्या होत्या आणि आपल्या या विद्यार्थिनीला पीएच. डी.साठी दिल्या होत्या. डाळीच्या कणीएवढ्या राखाडी कपच्या. पिशवी उघडली की डिझेलचा आणि ओल्या मातीचा वास यायचा.

पुष्पलता टाकळीची. टाकळी तेव्हा शहराच्या टोकाला होती. नाल्याकाठी आठ-दहा घरांची वस्ती, मागे गिट्टीच्या खदानी. बाप रुपराव सडकेच्या कामावर मुकादम. छप्पन साली त्याने दीक्षा घेतली तेव्हा ही चार वर्षांची पोर त्याच्या खांद्यावर होती. वस्तीतली पहिली एम. एस्सी. तीच. पण एम. एस्सी. म्हणजे काय याच्याशी वस्तीला फारसं देणंघेणं नव्हतं. बॉम्बे हायशी होतं.

"काहून वं पुष्पे, तेल लागलं का नाही अजून?" शेजारची इंदूबाई नळाच्या रांगेत रोज विचारायची.

"लागलं मावशी. कधीचंच लागलं."

"मंग घासलेटची लाइन काहून कमी नाही होऊन राहिली?"

रांगेतल्या बाया हसायच्या. पुष्पलताही हसायची. मग सांगायची, की खाली तेलाचं तळं नसते मावशी, तेल दगडात असते.

"दगडात? दगड पिळतेत का?"

"टोस्ट चहात बुडवला का टोस्ट चहा पिऊन घेते ना? तसा तो चुन्याचा दगड तेल पिऊन बसला आहे. त्या दगडाचा थर उलट्या टोपल्यासारखा फुगला आहे. वरतून चिकणमातीच्या दगडाचं झाकण. तेल पाण्याहून हलकं, वर चढत चढत टोपल्याच्या माथ्यावर जमा झालं. झाकणातून बाहेर निघू शकत नाही."

"आणि टोपल्याखाली?"

"खाली आपलाच काळा दगड. हाच, आपल्या खदानीतला. इथून जो पसरला आहे तो पार तिकडे समुद्राखाली."

"म्हंजे गिट्टीच आहे तिकडेही," इंदूबाई म्हणाली आणि तिने घागर पुढे सरकवली. "मंग एवढ्या दूर कायले गेले ते?"

पुष्पलताचं काम त्या चुन्याच्या दगडातलं होतं. चुन्याचा दगड म्हणजे मेलेल्या जीवांचा ढीग. उथळ, कोमट समुद्रात राईएवढे, तिळाएवढे शिंपले असलेले जीव राहायचे, मरून तळाशी साचायचे, लाखो वर्षं साचत राहायचे. एका काळात एका जातीचे, पुढच्या काळात दुसऱ्या. कोणती जात कुठल्या खोलीवर भेटली ते पाहिलं की दगडाचं वय कळतं, आणि शेजारच्या विहिरीतला तोच थर कुठे आहे तेही कळतं. त्यातही एक मेख होती. खोदताना वरच्या थराचा चुरा भोकाच्या भिंतीवरून ढासळून खाली पडतो. त्यामुळे खालच्या पिशवीत वरचे जीव सापडतातच, त्यावर भरवसा नाही. खाली जाता जाता एखादी जात पहिल्यांदा कुठे भेटली, तेवढंच खरं धरायचं.

आणि दुसरी मेख चाळणीची. चुरा सोड्याच्या पाण्यात भिजवायचा, मग बारीक चाळणीवर पाण्याने धुवायचा. माती वाहून जाते, जीव वर राहतात. पण चाळणीच्या जाळीत एखादा कण अडकून राहिला तर तो पुढच्या नमुन्यात जाऊन बसतो आणि सगळा घोळ होतो. म्हणून प्रत्येक धुण्यानंतर चाळणी निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवायची. अडकलेला कण निळा होतो. पुढच्या नमुन्यात निळा कण दिसला की तो पाहुणा, बाजूला काढायचा. पुष्पलताची बोटं त्या वर्षी कायम निळी असायची. प्रयागबाई, तिची आई, म्हणायची, "पोरगी शिकून धोबीण झाली."

हे सगळं व्हायला पाणी लागतं, आणि मार्च उलटला की नागपुरात पाणी नसतं. विभागाच्या नळाला सकाळी थोडा वेळ धार यायची, मग नुसती हवा.

"बाई, तुमचा समुद्र लै पाणी पिते," शालिकराम म्हणायचा. तो प्रयोगशाळेचा परिचर. पन्नाशीचा, उंच, डोक्याला कायम ओला दुपट्टा. "मले घरी पाणी कमी पडून राहिलं, अन् इथं आपण दगडाले आंघोळ घालून राहिलो."

तेव्हा पुष्पलतानेच तोड काढली. घरी जे करायची तेच. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्याला, भांड्याचं पाणी झाडाला. वस्तीत पाणी फेकणारी बाई सुगरण गणली जात नसे. तिने शालिकरामला सांगितलं, की भाऊ, धुतलेलं पाणी मोरीत नका जाऊ देऊ. बादलीत धरा, गाळ खाली बसू द्या, वरचं निवळ पिंपात ओता. पहिलं धुणं त्या पिंपातल्या पाण्याने, शेवटचं तेवढं नळाच्या. बारीक चाळणीतून गेलेल्या पाण्यात उरणार काय, तर नुसती माती. तीही तळाशी बसलेली. हिशेब चोख होता. शालिकराम खूश झाला, आणि काम अडलं नाही.

पिशव्या वरून खाली अशा क्रमाने धुवत धुवत ती एप्रिलच्या अखेरीस तळाच्या पिशव्यांपाशी आली. चुन्याचा दगड संपून काळा दगड सुरू होतो तिथे. त्या पिशव्यांमध्ये तिला ती बी दिसली.

सूक्ष्मदर्शकाखाली ती राजगिऱ्याच्या दाण्यासारखी दिसायची. गोल, पोकळ, अंगावर वरपासून खालपर्यंत पिळाच्या रेघा. एका पाणवनस्पतीची बी, दगड झालेली. ही वनस्पती तळ्यात वाढते, गोड्या पाण्यात. समुद्रात नाही. पुष्पलताने रंगाच्या ब्रशच्या ओल्या टोकाने ती उचलून काळ्या पट्टीवर ठेवली आणि दुसरी शोधली. दुसरी मिळाली. तिसरीही. एकही निळी नव्हती.

मधुकररावांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तो बराच वेळ काढला नाही.

"पुष्पलता," ते शेवटी म्हणाले, "समुद्र येण्याआधी तिथे तळं होतं. जमीन होती. तुम्हाला कळतंय ना काय सापडलंय ते?"

तिला कळत होतं. काळ्या दगडाच्या थरांमध्ये जुन्या तळ्यांचे गाळ असतात. टाकळीच्या नाल्यात तसला एक थर उघडा पडला आहे, शंभर वर्षांहून जास्त काळ लोक तो पाहायला येतात. पण समुद्राखाली, तेलाच्या त्या दगडाच्याही खाली, तसा थर असेल तर गोष्ट वेगळी. तळ्याच्या गाळात तेल तयार होऊ शकतं. म्हणजे त्या काळ्या दगडातही शोधायला हवं.

मधुकररावांनी त्याच दिवशी मुंबईला पत्र टाकलं. त्यांचा जुना विद्यार्थी गोपाळराव बारलिंगे तेल कंपनीत मोठा भूवैज्ञानिक होता. उलट टपाली उत्तर आलं. गोपाळराव भाचीच्या लग्नाला नागपुरात येणारच होते. काचपट्ट्या पाहायला विभागात येतो म्हणाले. आणखी एक ओळ होती, ती मधुकररावांनी तिला वाचून दाखवली. कंपनीच्या मुंबईच्या प्रयोगशाळेत सूक्ष्म जीवाश्मांचं काम करणारं माणूस घ्यायचं आहे, आणि ही मुलगी इतकं काम करत असेल तर तिच्यासाठी स्वतंत्र शिफारस घेऊन येतो.

घरी त्या दिवशी रुपरावाने खोव्याची बर्फी आणली. इंदूबाईला बोलवायची गरज पडली नाही, तीच येऊन बसली होती.

"मुंबईले जाशीन तं मले समुद्राचं पाणी आणजो," ती म्हणाली.

"खारं असते मावशी."

"असू दे. दाखवाले."

पाहुणे येण्याच्या आधीच्या आठवड्यात पुष्पलता काचपट्ट्या लावून ठेवत होती. विहिरीच्या मधल्या खोलीवरची एक पट्टी मार्चमध्ये तिच्या हातून पडून फुटली होती. ती जागा रिकामी दिसू नये म्हणून तिने त्या पिशवीतला राखून ठेवलेला चुरा काढला. अर्धा धुवायचा, अर्धा राखायचा, हा विभागाचा नियमच होता. चुरा भिजवला, धुतला, वाळवला आणि वेचायला बसली.

तो चुन्याच्या दगडाचा ऐन मधला भाग होता. आजूबाजूला समुद्रच समुद्र. तिळासारखे, लवंगेच्या डोक्यासारखे शिंपले ओळखीचे झाले होते. त्यांच्यात तीच बी होती. पिळाच्या रेघांची.

तिने ती दाखवली तेव्हा मधुकरराव म्हणाले, "नदीने वाहून आणली असेल. नदी समुद्राला मिळते तेव्हा काय काय घेऊन जाते."

"पण मार्चमधल्या पट्टीत नव्हती, सर."

"ती पट्टी फुटली ना? मग कसं सांगणार?"

ती परत जागेवर जाऊन बसली. पट्टी फुटली होती, पण तिने वेचलं होतं ते तिच्या लक्षात होतं. दिवसभर डोळा लावून जे पाहिलं ते माणूस विसरत नाही. तिने पुन्हा सूक्ष्मदर्शकात पाहिलं. समुद्राचे सगळे कण राखाडी होते, ड्रिलच्या चिखलाने मळलेले, कितीही धुतले तरी कडेला राखाडी उरायचीच. ही बी पिवळसर होती. हा पिवळा रंग तिने कुठे पाहिला हे आठवायला तिला फार वेळ लागला नाही. लहानपणी ती ज्या नाल्यात खेळली, त्याच्या काठाचा रंग होता तो.

ती उठून शालिकरामकडे गेली. तो व्हरांड्यात खसच्या पडद्यावर पाणी मारत होता.

"भाऊ, पिंपात कुठलं कुठलं पाणी ओतता?"

"सगळंच. तुम्हीच सांगतलं ना, पाणी फेकू नका."

"सगळं म्हणजे माझ्या टेबलाचंच ना?"

"तुमचं, अन् खालच्या वर्गातलं. बी. एस्सी.च्या पोरायनं एप्रिलमधी टाकळीची माती धुतली नाही का, शंखल्या शोधाले? लै पाणी निघालं. पहिले तं फेकून देऊ म्हटलं, मंग तुमचं आठवलं. निवू देलं अन् पिंपात टाकलं." त्याने पाणी मारणं थांबवलं. "काहून बाई? चुकलं का?"

"तुमचं नाही," ती म्हणाली.

पोरांना गोगलगाईचे शंख शोधायचे होते, म्हणून त्यांना मोठ्या भोकांची चाळणी दिली जायची. मोठ्या चाळणीतून राजगिऱ्याएवढी बी सहज पार होते. आणि बी पोकळ, म्हणून हलकी. माती तळाशी बसते, ती वरच्या निवळ पाण्याबरोबर जाते. निळ्या रंगाचा पहारा चाळणीवर होता, पाण्यावर कोणीच नव्हतं.

तिने पिंपावर जुन्या मलमलीचा तुकडा धरला आणि मगाने पाणी त्यावर ओतत राहिली. मग कापड उन्हात वाळवलं. मे महिन्यात त्याला कितीसा वेळ. सूक्ष्मदर्शकाखाली नुसत्या त्या बियाच बिया होत्या.

आता एकच करायचं राहिलं होतं. तळाच्या पिशव्यांचा राखलेला चुरा स्वच्छ पाण्याने धुऊन पाहायचा. मधुकररावांना सांगण्याआधी तिला खात्री हवी होती, आणि खरं सांगायचं तर आशाही होती. पिंपातल्या बिया खोट्या, पण म्हणून समुद्रातल्या सगळ्याच खोट्या कशावरून?

विभागाचा नळ दोन दिवसांपासून कोरडा होता. तिने घरी पाणी मागितलं.

"किती?" प्रयागबाईने विचारलं.

"दोन गुंड."

"दोन गुंड पाणी? दगड धुवाले?" प्रयागबाईने तिच्याकडे पाहिलं. "तुह्या बापाले अंघोळीले नाही भेटून राहिलं."

"माय, माह्याच पाण्यानं घोळ केला आहे. चांगलं पाणी नसलं तं काहीच नाही समजत."

 दुसऱ्या दिवशी प्रयागबाई उजाडायच्या आधी नळावर जाऊन बसली, इंदूबाईशी दोन शब्द झाले, आणि दोन पितळी गुंड भरून घरी आले. सायकल रिक्षात दोन्ही पायांमध्ये ते गुंड धरून पुष्पलता विभागात गेली. वाटेत रिक्षावाला म्हणाला, "ताई, विभागात लग्न आहे का?"

तळाच्या पिशव्यांचा चुरा तिने धुतला, वाळवला, पूर्ण वेचला. समुद्राचे शिंपले होते. मग शिंपले संपून काळ्या दगडाच्या कपच्या होत्या. बी एकही नव्हती. तिने वेचलेला सगळा ढीग पुन्हा सुरुवातीपासून पाहिला. नव्हती.

गोपाळराव दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. तिने सगळं मधुकररावांना सांगितलं, पिंपापासून गुंडापर्यंत.

मधुकरराव पंख्याखाली बसले होते. त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

"एकाच दिवसाच्या धुण्यावरून एवढं ठरवू नये," ते म्हणाले.

"पिंपातल्या पाण्यात त्याच आहेत, सर. तोच पिवळा रंग."

"हं." त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. "गोपाळला मी लिहून बसलोय. दोन पानांचं पत्र." मग ते म्हणाले, "आपण खोटं बोलायचं नाही. पण हा विषय उद्या आपण होऊन काढायचा नाही. तुम्ही वरच्या थरांचं काम दाखवा, ते उत्तमच आहे. तळाच्या पट्ट्या तयार नाहीत म्हणू. सावकाश पुन्हा धुऊ, नीट लिहू. मधल्या काळात तुमची शिफारस जाऊन पोचेल. त्यात वाईट काय?"

 त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि तिच्या भल्याचंच होतं. रात्री रुपरावाने विचारलं, उद्या साहेब येणार ना? ती हो म्हणाली.

गोपाळराव आले ते लग्नातल्या हळदीचे डाग असलेल्या सदऱ्यात. पोट सुटलेलं, आवाज मोठा. आल्या आल्या त्यांनी शालिकरामला मिठी मारली.

"काय गा शालिकराम, अजून इथंच?"

"तुम्हीच गेले साहेब, आम्ही कुठं जातो."

मग ते खुर्चीत बसले आणि पन्ह्याचा पेला एका दमात संपवून म्हणाले, "सर, तुमच्या पत्रानं मुंबईत धिंगाणा केला. पुढची विहीर चुन्याच्या दगडापाशी थांबवायची ठरली होती. आता तुमच्या तळ्यासाठी काळ्या दगडात खोल न्यायची म्हणतेत. ड्रिल तिथंच उभं आहे, परवा निर्णय. मी म्हटलं, जाऊन डोळ्यांनं पाहून येतो. दाखवा तुमची बी."

मधुकररावांनी पुष्पलताकडे पाहिलं. समुद्रात उभ्या असलेल्या ड्रिलबद्दल ते पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं. 

"बी आहे, सर," पुष्पलता गोपाळरावांना म्हणाली, "पण ती समुद्रातली नाही. इथली आहे. टाकळीची."

तिने पट्ट्या लावल्या. समुद्राची, पिंपाची, आणि काल धुतलेली, जिच्यात काही नव्हतं. गोपाळरावांनी तिन्ही पाहिल्या. मोठा आवाज कुठे गेला कळलं नाही.

"पिंपातलं पाणी," ते हळूच म्हणाले.

"मीच साठवायला सांगितलं होतं."

"उन्हाळ्यात नागपुरात पाणी कोण फेकते," ते म्हणाले. त्यांनी पुन्हा पिंपाची पट्टी पाहिली. "लहानपणी आम्ही या बिया नखानं काढायचो. मुंबईच्या पोरायनं पाहिल्या असत्या तं ओळखल्याच नसत्या. मीही नसत्या ओळखल्या तिकडे." मग ते उठले. "ट्रंक कॉल लावा. अर्जंट."

फोन विभागप्रमुखांच्या, म्हणजे मधुकररावांच्याच, खोलीत होता. कॉल लावून ते तिघं तिथेच बसून राहिले. लाइन लागायला किती वेळ जाईल ते ऑपरेटरलाही सांगता येत नव्हतं. गोपाळराव मधून मधून घड्याळ पाहत होते, लग्नाघरी जेवणं सुरू झाली असणार.

"एक सांगतो," ते पुष्पलताला म्हणाले, "नंतर वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यासाठी शिफारस आणली होती ती या शोधापायी होती. आता ती देता येणार नाही मले. ऑगस्टमध्ये परीक्षा आहे, सगळ्यांसारखा अर्ज करा. वरच्या थरांचं काम चांगलं आहे तुमचं. पण इतरही चांगले येतेत."

"करीन," ती म्हणाली. तिच्या हातातला रुमाल तिने घडी घालून पुन्हा उलगडला.

घंटी वाजली. गोपाळरावांनी रिसीव्हर उचलला, कोणाला तरी नाव सांगितलं, आणि मग तो तिच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा. काम तुमचं आहे. मोठ्यानं बोला."

लाइनवर वारा वाहिल्यासारखा आवाज होता. पलीकडचा माणूस इंग्रजीत विचारत होता, तळ्याचा थर नक्की का. पुष्पलता ओरडून म्हणाली, तळ्याचा थर नाही. चूक आहे. तो पुन्हा म्हणाला, काय आहे? ती पुन्हा ओरडली, बी इथली आहे, पाण्यातून आली. बाहेरच्या व्हरांड्यात शालिकराम उभा होता, त्यालाही ऐकू गेलं असणार. पलीकडून विचारणा झाली, हे खात्रीनं कोण सांगतं आहे, नाव काय?

ती नाव सांगणार तेवढ्यात मधुकररावांनी हात पुढे केला. तिने रिसीव्हर दिला.

"देवपुजारी बोलतोय," ते म्हणाले. "नागपूरहून. चूक आमच्या विभागात झाली. विभाग माझा आहे. विहीर चुन्याच्या दगडापाशी थांबवा." मग, "पकडली ती पुष्पलता गजघाटे यांनी. जी, ए, जे. लिहून घ्या."

गोपाळराव जेवायला गेले. ती निघाली तेव्हा मधुकरराव दारापर्यंत आले.

"तळाच्या सगळ्या पिशव्या पुन्हा धुवाव्या लागतील," ते म्हणाले. "पाणी आमच्याकडून न्या. अंगणात विहीर आहे, उन्हाळ्यातही आटत नाही. सकाळी या."

संध्याकाळी प्रयागबाई चुलीपुढे भाकर थापत होती. पुष्पलताने सगळं सांगितलं. नोकरीचं ऐकून रुपराव बाहेर जाऊन बसला. प्रयागबाईने मात्र विहिरीचं पुन्हा विचारलं.

"त्यायच्या घरच्या विहिरीचं?"

"हो."

"काढन कोण?"

"मीच काढीन."

प्रयागबाईने भाकर तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. "दोर आपला नेजो," ती म्हणाली.

"त्यायच्याकडे आहे ना माय. रहाट आहे."

"असू दे. आपला नेजो."

सकाळी धरमपेठेतल्या त्या अंगणात पुष्पलता पोचली तेव्हा मधुकरराव नुसत्या बंडी-धोतरात उभे होते, हातात बादली. त्यांनी दोर पाहिला. रहाटावरचा दोर सोडून त्यांनी तिचा बांधायला दिला. पहिली बादली वर आली, काठावर थंड पाणी सांडलं. मधुकरराव त्यात वाकून पाहू लागले. विहीर काळ्या दगडात खोदलेली होती, शेवाळ धरलेली, आणि त्यात काय काय असेल ते त्यांनाही माहीत होतं.

"चुरा भिजवण्याआधी," ते म्हणाले, "ह्या पाण्याचीच एक पट्टी बघायला हवी."

पुष्पलताने मलमलीचा कोरा तुकडा बादलीवर ताणून धरला. "ओता, सर," ती म्हणाली.